नववं कुंड

गरम पाण्याच्या कुंडांभोवती शिरीष नऊ होलचं गोल्फ मैदान आखत होता, प्रत्येक कुंडाकाठी एक होल. गावात कुंडं आठच होती, म्हणून नववं त्याने मनानेच काढलं, सुरंगीच्या झाडाखाली, वाफाळणारं.

कुंडांची झाडलोट करणाऱ्या द्वारकामावशी नकाशावर वाकल्या. त्यांचं बोट सुरंगीपाशी थांबलं.

"हे तर माझ्या लहानपणीच दगडमाती टाकून बुजवलं. तुम्हांला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही, मावशी. जागा बरी वाटली, म्हणून काढलं." काहीतरी बोलायचं म्हणून शिरीष समजावू लागला, "इथून चेंडू मारायचा. तो आत गेला की खेळ संपला."

मावशींनी बोट उचललं नाही.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या बहिणीचाही आधी चेंडूच गेला होता."