भरलेला ग्लास

मस्कतजवळ अल अमेरातमधल्या एका ऑफिसात मी चहापाणी बघतो. काउंटरवर बदरिया मॅडम असतात, व्हीलचेअरवर. तीन वर्षं मी रोज सकाळी त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि संध्याकाळी तसाच भरलेला उचलला. माझ्या हातचं पाणी त्यांना चालत नसेल, असं मी धरून चाललो. गावाला तेच बघत मोठा झालोय. मग मीही ग्लास जरा आपटूनच ठेवायचो. काल अपंगांच्या सोयी तपासायला सरकारी माणसं यायची होती. मॅनेजर म्हणाले, “दत्ताराम, व्हीलचेअरवाल्यांचं टॉयलेट रिकामं कर. यल्ला, लवकर!” त्याची किल्ली माझ्याकडेच असते. कुलूप काढून मी आतली खोकी, शिडी, बादल्या बाहेर आणल्या. माणसं आली, भिंतीवरचा आधाराचा दांडा हलवून बघितला, कागदावर खुणा केल्या, गेली. “खलास, सामान परत आत टाक,” मॅनेजर म्हणाले. मी पहिलं खोकं उचललं, तर मागे मॅडमची खुर्ची. हिंदीत हळूच म्हणाल्या, “जरा थांब, दत्ताराम. मला आत जाऊ दे. बाकीच्या टॉयलेटच्या दारांतून खुर्ची जात नाही, म्हणून मी ऑफिसात पाणीच पीत नाही.” तीन वर्षं मी तोंडासमोर ग्लास नाचवत होतो, आणि किल्ली माझ्याच खिशात होती. खोकी मी जिन्याखाली रचली. आज सकाळी ग्लास ठेवला, हळू, आणि शेजारी ती किल्ली. मॅनेजर काचेपलीकडून बघत होते. बघू देत. मॅडमनी ग्लास एका दमात रिकामा केला आणि पुढे सरकवला. “अजून एक.”