नजर नाही तिथं

कॉम्प्युटर बिघडला, म्हणून नवऱ्यानं तो लढाईचा खेळ टीव्हीला जोडलेल्या कन्सोलवर घेतला आणि तिलाही शिकवला.

"इथं माऊस नाही गं, त्यामुळे नजर एका वेळी रणांगणाच्या एकाच कोपऱ्यात. कंट्रोलर हातात थरथरला की समजायचं, आपण बघत नाही तिथं कोणीतरी शिरलंय."

"म्हणजे माझ्यासारखाच घाबरट!"

"छे! तू उगाचच सारखी पाळण्याकडे पळतेस. तो कारण असेल तरच थरथरतो," तो हसत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कामावर गेलेला, बाळ आतल्या खोलीत झोपलेलं. तिनं सैन्य नदीपार धाडलं, तोच कंट्रोलर थरथरला. दोन आखूड, एक लांब. ती घाईघाईनं आपल्या तळावर परतली. तिथं चिटपाखरूही नव्हतं.

पुन्हा थरथर. पुन्हा कोणीच नाही.

तिनं खेळ थांबवला. टीव्ही, कन्सोल, सगळं बंद केलं. तरी हातातल्या कंट्रोलरची थरथर काही थांबेना.

ती उठली. स्वयंपाकघराकडे गेली तशी थरथर मंदावली. आतल्या खोलीकडे वळली तशी वाढली. कंट्रोलर सोफ्यावर टाकून ती धावत आत शिरली.

बाळ शांत झोपलं होतं. तिचा जीव भांड्यात पडला. तिनं त्याला अलगद उचलून छातीशी धरलं.

तोच तिच्या तळहाताखाली बाळाची पाठ थरथरली. दोन आखूड, एक लांब.

ती तर बाळाकडेच बघत होती. बघत नव्हती ती फक्त स्वतःच्या पाठीमागे.