कुरकुरणारा मंत्री

“हा धान्यमंत्री सारखा कुरकुरतोय. काढूनच टाकते त्याला,” केतकी म्हणाली. गेमच्या स्पर्धेची अंतिम फेरी होती, तिच्या राजधानीला वेढा पडला होता, आणि पडद्यावरचे बाकीचे तिन्ही सल्लागार ‘हल्ला करा’ म्हणत होते.

“काय म्हणतोय तो?” शेंगा फोडता फोडता सासूबाईंनी विचारलं.

“कोठारात दोनच महिन्यांचं धान्य उरलंय म्हणे.”

“आणि वेढा घालणाऱ्यांकडे? तेही जेवतच असतील ना. त्यालाच विचार. हो ला हो करणाऱ्यांना असलं काही ठाऊक नसतं.”

केतकीने त्या मंत्र्यावर पहिल्यांदाच क्लिक केलं. शत्रूकडे महिन्याभराचंच धान्य होतं. तिने दरवाजे बंद ठेवले. गेममधला महिना सरला, शत्रूचे तंबू एकेक करून उठले आणि केतकी जिंकली.

ती सासूबाईंकडे बघतच राहिली. त्या दहा वर्षं सरपंच होत्या. पण ‘सही आईची, कारभार बाबांचा’ हा घरातला नेहमीचा विनोद, आणि त्यावर तीही हसायची.

“आई, खरं सांगा. गाव कोण चालवायचं?”

“तुझे सासरेच की,” टरफलं गोळा करत त्या म्हणाल्या. “ओसरीवर सगळे त्यांचीच वाहवा करायचे. तक्रारी तेवढ्या मागच्या दाराने माझ्याकडे यायच्या.”