नुसते ओठ

मृण्मयीताईंनी आपली छोटी पेटी माझ्या आईच्या खाटेशी ठेवली आणि गणपतीची आरती सुरू केली. पॅलिएटिव्ह वॉर्डातल्या, आजाराच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना बरं वाटावं म्हणून त्या दर मंगळवारी गायला यायच्या. आईनं डोळे उघडले. हळूहळू तिचे ओठ हलू लागले.

"बघा, शब्द न् शब्द पाठ आहे!" ताई हरखल्या. "आवाज काढायची ताकद नसेल, पण त्या गातायत."

ताकद होती. सकाळीच चहात साखर कमी पडली म्हणून तिनं आयाबाईंना चांगलं सुनावलं होतं.

मी दहावीत असताना सोसायटीच्या गणपतीत पेटी वाजवायचे. तेव्हा सगळ्यांसमोर आईला म्हणाले होते, "तुझा सूर लागत नाही गं. तू आपले नुसते ओठ हलव." लोक हसले. आईही हसली. त्यानंतर तिचा आवाज आरतीत कधी ऐकूच आला नाही, आणि इतक्या वर्षांत मला ते जाणवलंही नव्हतं.

मी तिच्या कानाशी वाकले. "आई, मोठ्यानं म्हण ना. माझ्यासाठी."

आईनं शेजारच्या खाटांकडे पाहिलं, माझा हात थोपटला आणि कुजबुजली, "नको गं, लोक आहेत."