न फोडलेला डबा

ब्रेक ऑइलच्या डब्याचं सील शाबूत होतं.

त्याने डबा उलटासुलटा करून पाहिला, कानाशी धरून हलवून पाहिला. काठोकाठ भरलेला. मग काल गाडीत ओतलं ते काय? फळीवर स्टिअरिंग ऑइलचा डबा उभा होता. त्याच कंपनीचा, तसाच पिवळा, आणि अर्धा रिकामा. स्टिअरिंगच्या कामाला तर त्याने अजून हातही लावला नव्हता.

चष्मा कपाळावर चढवून काम करायची त्याला खोड होती. बायको शंभरदा म्हणाली असेल, "अहो, डोळ्यांवर घ्या तो. कपाळाला कमी दिसतं का?" पण ऐकेल तर शपथ!

गाडीला घरात सगळे महाराणी म्हणत. लांबलचक, काळीभोर, लेदरच्या सीटांची. एकेकाळी कुणा बड्या असामीच्या दारात उभी असायची. वय झालं तसं तिला कुणी विचारेना, तेव्हा निवृत्त झालेल्या या गृहस्थाने ती हौसेने घरी आणली. मात्र गॅरेजची पायरी चढायची नाही, असा त्याचा हट्ट. व्हिडिओ बघायचा, पाने घेऊन गाडीखाली शिरायचं आणि कोपरापर्यंत काळा होऊन बाहेर यायचं. गल्लीत त्याला सर्जन म्हणत. त्यातला टोमणा त्याला कळायचा, तरी तो मनातून सुखावायचा.

आज सकाळी तीच महाराणी घेऊन बायको घाटापलीकडे बहिणीकडे निघाली होती. एकटीच.

चुकीचं तेल गेलं तर आधी काही कळत नाही, हे त्याने व्हिडिओतच ऐकलं होतं. पेडल अगदी झकास लागतं. मग आतली रबरं हळूहळू फुगतात. उतारावर ब्रेक तापले की कधीतरी पाय सरळ खाली जातो, आणि गाडी थांबत नाही. काल अंगणात दोनदा ब्रेक दाबून पाहिल्यावर तो स्वतःवरच खूश झाला होता.

त्याने बायकोला फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. तेच. मेहुणीला लावला, तर ती म्हणाली, "नाही हो, अजून पोचली नाही. येईल की. एवढा आवाज का कापतोय तुमचा?" त्याने फोन ठेवला. घाट सुरू झाला असणार. तिथे फोन लागतच नाही.

"स्कूटरची चावी दे!" तो घरात शिरता शिरता ओरडला.

मुलगी केस पुसत बाहेर आली. "काय झालं, बाबा?"

"ब्रेकमध्ये भलतंच तेल घातलंय मी. आई घाटात आहे. चावी दे आधी!"

मुलीचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. मग काहीतरी आठवून ती चक्क हसली. तिने त्याला दंडाला धरून खुर्चीत बसवलं. "बाबा, शांत हो. तुला सांगायचं नव्हतं, पण आता सांगते. तुझं काम झालं की आई भाजी आणते म्हणून गाडी घेऊन जाते ना? ती भाजीला नाही जात. कोपऱ्यावरच्या गॅरेजात जाते. तू केलेलं सगळं तिथे पुन्हा उघडून नीट करून घेते. अगदी पहिल्यापासून. आज एवढ्या लवकर का निघाली असेल? गॅरेजवरूनच गेली असणार."

त्याचा जीव भांड्यात पडला. तो खुर्चीत मागे रेलला. मुलीने आणलेलं पाणी त्याने एका दमात पिऊन टाकलं. वाचली बाई! गेल्या चार वर्षांत कोथिंबीर विसरून रिकाम्या पिशवीने परतलेली बायको त्याला आठवली, आणि त्याला हसूही आलं.

पण हसू ओसरल्यावर आत काहीतरी टोचायला लागलं. म्हणजे ती गिअरबॉक्सची किरकिर त्याने घालवली नव्हती. तो पंपही त्याने बसवला नव्हता. गाडीखाली घालवलेल्या सगळ्या दुपारी फुकट. बायकोने एकदाही, अगदी एकदाही त्याच्यावर भरवसा ठेवला नव्हता. आणि हे मुलीला ठाऊक, गॅरेजवाल्याला ठाऊक, म्हणजे गल्लीलाही ठाऊक असणार. सर्जन म्हणे! त्याला बायकोचा राग आला. तो बराच वेळ तसाच तोंड फुगवून बसला. मुलीने पुढे केलेल्या चहालासुद्धा त्याने नको म्हटलं.

"अरे, जीव वाचला ते बघ ना," मुलगी म्हणाली.

"ते ठीक आहे. पण तिने तोंडावर सांगायचं होतं मला." 

शेवटी राग कुठेतरी काढायला हवा, म्हणून त्याने गॅरेजचा नंबर फिरवला.

"काय हो, माझ्या पाठीमागे माझ्याच गाडीची कामं करता?" त्याने सुरुवातच चढ्या आवाजात केली. "सकाळी ब्रेकमधलं तेल तरी नीट बदललंत ना?"

पलीकडे कुणीतरी लोखंडावर ठोकत होतं. गॅरेजवाल्याने ठोकणाऱ्याला थांबायला सांगितलं.

"काका, गाडी आलीच नाही इथे," तो म्हणाला. "काल काकूंचा फोन आला होता. म्हणाल्या, आता तपासायची गरज नाही, ह्यांचा हात छान बसलाय."