साक्षीला चार बाया

नामाच्या अंगावर गांधी उठल्या, छातीत धडधड सुरू झाली, तशी त्याच्या आईने, दगडाबाईने, त्याच्यासोबत सुनेला, मालूलाही फरफटत बाळकुमच्या दवाखान्यात आणलं. "या वांझोटीनंच माझ्या लेकाला कायतरी चारलंय!" साक्षीला गावातल्या चार बाया आणून तिने दाराबाहेर बाकावर बसवल्या. मालूच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती, पण त्या चौघींपैकी एकीनेही तिला कधी बारशाला बोलावलं नव्हतं.

"काय घेतलं होतंत?" डॉक्टरांनी विचारलं.

नामाने खाली मान घालून खिशातून चूर्णाची डबी काढली. "शहाड स्टेशनबाहेरच्या तंबूतली हाय. लग्नाआधीपासून घेतोय. गुण येईना, म्हणून यंदा दुप्पट घेतली."

डॉक्टर डबीवरची चिठ्ठी हलक्या आवाजात वाचू लागले, "पुरुषातील दोष जाऊन मूल होण्यासाठी..."

दगडाबाई लगबगीने दार लावायला उठली. त्याआधीच मालूने ते सताड उघडलं.

"डॉक्टर, जरा मोठ्यानं वाचा. आमच्या आयनं साक्षीदार आणलेत."