काशिनाथच्या बाहीची वार्ता

"बेन, आ आंकडा रहेवा दो," रमणीकभाईंनी तक्ता न बघताच बाजूला सरकवला. "वार्ता करो."

अपर्णाला वाटलं, शेठ ताजी खबर विचारतायत. "वार्ता विशेष काही नाही," ती म्हणाली. "बाकी ठीक आहे."

ठीकच आहे म्हटल्यावर शेठनी फोन उचलला, आणि अपर्णा तक्ता गुंडाळून बाहेर आली. झालं. आठवडाभराची मेहनत पाण्यात.

नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून ती नाशिकहून सुरतेला आली होती. शहराबाहेरच्या सचिन गावातल्या या डाइंग मिलमध्ये कामगार कल्याणाचं खातं तिच्याकडे होतं. खातं म्हणजे काय, तर एक टेबल आणि एक न लागणारं कपाट. तिथे बसून तिने एक गोष्ट शोधून काढली होती. रंगवलेलं ओलं कापड पिळायला एक भलंमोठं फिरतं पिंप असतं, त्याला सगळे हायड्रो म्हणत. वर्षभरात मिलमध्ये हातांना झालेल्या इजांपैकी निम्म्याहून जास्त एकट्या दोन नंबरच्या हायड्रोवरच्या. त्याचा ब्रेक झिजला होता. बटण बंद केलं तरी पिंप फिरतच राहायचं, आणि घाईतला माणूस कापड ओढायला हात घालायचा. आज ना उद्या कुणाचा तरी हात खांद्यापासून जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. पण दुरुस्ती म्हणजे हायड्रो आठवडाभर बंद, आणि शहाण्णवची दिवाळी तोंडावर आलेली.

"ताई, आठे वार्ता म्हणजे गोष्ट," राघो म्हणाला. "बातमी नही."

राघो ऑफिसचा शिपाई. धुळ्याकडचा, पन्नाशी उलटलेला, उधन्याला खोली घेऊन राहायचा. शेठचा चहा आत न्यायचा आणि आतलं सगळं बाहेर आणायचा.

"सेठले आकडा चालत नही," तो म्हणाला. "कथाले बसना की रुमाल भिजाडस. त्याले मानूस दाखाडा."

अपर्णाला पटलं. आकड्यांना चेहरा द्यायचा होता, आणि चेहरा शोधायला लांब जावं लागलं नाही. दोन नंबरवर काशिनाथ होता. मागच्याच महिन्यात पिंपाने त्याचा सदरा ओढला. शिवण कच्ची होती म्हणून बाही उसवून आत गेली आणि हात बाहेर राहिला. अपर्णा रविवारी त्याच्या घरी जाऊन आली. त्याच्या बायकोने, उषाबाईने, ती बाही पुन्हा शिवली होती. घरात पांढरा दोरा नव्हता, म्हणून लाल दोऱ्याने. धाकटी मुलगी बापाच्या त्याच दंडावर डोकं ठेवून झोपायची. दुसरीकडे झोपच येत नाही म्हणे.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर तिने गोष्ट राघोला म्हणून दाखवली. लाल दोऱ्यापाशी तो खाली बघायला लागला. मुलीपाशी त्याने गमछ्याने नाक पुसलं.

"तुम्हाला उशीर होतोय का, राघोभाऊ?"

"माले घर वाट देखाले कोन शे?"

अपर्णाने मान हलवली आणि शेवट पुन्हा एकदा म्हणून पाहिला. शेवट अजून जमत नव्हता.

मंगळवारी ती तक्ता पिशवीतच ठेवून आत गेली. काशिनाथचा सदरा तेवढा टेबलावर ठेवला. शेठनी लाल टाक्यांवरून बोट फिरवलं. ती सावकाश बोलत गेली, राघोसमोर बोलली तशीच. शेठना दोन नाती होत्या, हे तिला ठाऊक होतं, म्हणून मुलगी तिने अगदी शेवटाला ठेवली होती.

"तो हात गेला," ती म्हणाली, "तर ती पोर झोपेल कुठे?"

रमणीकभाईंनी चष्मा काढला आणि खिशातला रुमाल.

"बस, बेन," ते म्हणाले. "आजपर्यंत मला हे कुणी सांगितलंच नाही. उद्या सकाळी पहिलं काम हे."

तिने तक्ताही पुढे केला. त्यांनी तो घेतला, न बघता खणात ठेवला आणि सदरा मात्र घडी घालून परत दिला. बाहेर आली तेव्हा अपर्णाचे पाय जमिनीवर नव्हते. राघोने न सांगता तिला आल्याचा चहा आणून दिला.

"रडना का?" त्याने विचारलं.

"रडले."

"मंग व्हयनं काम," राघो म्हणाला आणि स्वतःशीच हसला. तिच्या आनंदात त्याचा आनंद होता, एवढं तिला दिसलं.

बुधवारी शेठनी तिला स्वतःहून बोलावलं. चहा आज वॉचमनने आणून ठेवला, अर्धा बशीत सांडलेला.

"काम झालं, बेन," रमणीकभाई खुशीत होते. "काशिनाथला सकाळीच फोल्डिंग खात्यात घेतला. बसून काम. पगार तोच. त्याची आई धुरपदाबाई येऊन पाया पडून गेली."

"फार चांगलं केलंत," अपर्णा म्हणाली. "आणि ब्रेक?"

"ब्रेकचं दिवाळीनंतर बघू ना."

"म्हणजे हायड्रो बंद आहे?"

"सीझनमध्ये बंद कसा चालेल? चालू आहे."

खिडकीतून दोन नंबरची घरघर ऐकू येत होती. अपर्णाने बशीतला चहा पाहिला, मग दाराकडे पाहिलं.

"शेठ, त्याच्यावर कोण आहे?"

"राघो," रमणीकभाईंनी बशी ओठाला लावली. "चिंता ना करो, बेन. मी आधी तपास केला. त्याची तो कोई वार्ता ज नथी."